लांब हातांचा सहादू

सहादू धिंदळेचे हात लांब होते, आणि त्या हातांनी त्याचं जेवढं भलं केलं तेवढंच वाटोळंही केलं. हे मी उगाच बोलत नाही. भिंगारला एका खोलीत आम्ही दोघांनी तीन-चार वर्षं काढली. एकाच संघातून फुटबॉल खेळलो, तो गोलात आणि मी त्याच्या पुढं बॅकला. माझ्या पायाखालून निसटलेले चेंडू त्यानं इतक्या वेळा अडवले की लोक मला चांगला बॅक समजायचे.

आता मी सावेडीत राहायला आल्यावर शेजारचे सहादूबद्दल विचारतात, राजूरच्या डोंगरातला माणूस फुटबॉल कुठून शिकला? मला या प्रश्नाचा रागच येतो. डोंगरातल्या माणसाला काय पाय नसतात? पण गोष्ट पायांची नाहीच. ती सुरू होते फुटबॉलच्या पुष्कळ आधी, राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीतल्या शाळेत.

त्या काळी पोराच्या जन्माची नोंद करायला चावडीवर कोण जातंय? पोर शाळेत आणलं की गुरुजी सांगायचे, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." हात कानाला पुरला की पोर सहाचं झालं. नाही पुरला तर पुढच्या वर्षी या. आणि अशी सहाची झालेली झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मलेली असायची, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींना तेवढीच तारीख सोयीची वाटायची.

सहादूची थोरली बहीण चांगुणा शाळेत जायची ती त्याला कडेवर घेऊनच. आई भागिरथी भाताच्या खाचरात, मग पोराकडं बघणार कोण? एकोणसाठ सालच्या जूनमध्ये पटावर पोरं कमी पडत होती. पट भरला नाही तर शाळा बंद होईल, या धास्तीनं उत्तमराव गुरुजी वाडी-वाडी हिंडून दमले होते. त्यांनी गंमत म्हणून चांगुणाच्या कडेवरून उतरलेल्या सहादूला म्हटलं, "धर रे कान." चार वर्षंही पुरती न झालेलं ते पोर. त्यानं डोक्यावरून हात नेला आणि कान असा घट्ट धरला की सगळा वर्ग हसायला लागला. गुरुजीही हसले आणि हसता हसता त्यांनी पटावर त्याचं नाव चढवलं. शाळा वाचली आणि सहादू एका सकाळीत दोन वर्षांनी मोठा झाला.

यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, म्हणून मला जास्त चीड येते. शिव्या घालायला एखादा बदमाश सापडला असता तर बरं झालं असतं.

हायस्कूलसाठी तो नगरला वसतिगृहात आला. भिंगारच्या लष्करी मैदानावर संध्याकाळी जवान फुटबॉल खेळायचे आणि आम्ही पोरं गोलामागं उभी राहायचो. चेंडू बाहेर आला की आम्ही लाथ मारून परत पाठवायचो. सहादू मात्र उडी मारून तो वरच्यावर झेलायचा. एका हवालदारानं हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला दंडाला धरून गोलात उभा केला. तिथून पुढं तो गोलकीपरच. बोलणं कमी, खाणं भरपूर, आणि चेंडू हातात आला की पोटाशी असा घ्यायचा की जणू कुणी तो हिसकावून नेणार आहे.

एकाहत्तर साली नगरच्या एका सरकारी कचेरीत शिपायाची जागा निघाली. वय अठरा पूर्ण हवं होतं. शाळेच्या दाखल्यावर तो अठराचा होता, अंगानं सोळाही पूर्ण नव्हता. पण उंची अशी की साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि घेऊन टाकला. पुढच्याच साली दुष्काळ पडला. वडील आधीच गेलेले, पाठची दोन भावंडं लहान. अख्खा तालुका खडी फोडायला गेला तेव्हा धिंदळ्यांच्या घरी चूल पेटत होती ती सहादूच्या पगारावर. त्या लबाडीला, किंवा चुकीला म्हणा, त्या साली वाडीनं हात जोडले असतील.

आणि आम्हाला वेड होतं फुटबॉलचं. आशियातल्या वीस वर्षांखालच्या पोरांची स्पर्धा व्हायची. आपला संघही परदेशी जायचा, आणि मग पेपरात शेवटच्या पानावर, क्रिकेटच्या खाली, दोन ओळी यायच्या: भारत पराभूत. मी पेपर आपटायचो. चहाच्या टपरीवर बसून नवा संघ निवडायचो, फॉरवर्डला शिव्या द्यायचो, जणू काही दिल्लीहून मला कुणी विचारायला येणार होतं. सहादू सगळं ऐकून एकच विचारायचा, "गोलात कोन हुतं?" पेपरात ते कधीच छापलेलं नसायचं.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर आमचा संघ पुण्याला एका स्पर्धेला गेला. उपांत्य सामन्यात सहादूनं एकामागून एक दोन पेनल्टी अडवल्या. सामना संपल्यावर निवड समितीतले एक वयस्कर गृहस्थ मैदानात उतरून आले, त्यांनी आधी त्याचे हात पाहिले आणि मग तोंड. वय विचारलं. सहादू म्हणाला, "अठरा." खरं तेच सांगितलं त्यानं. गृहस्थ म्हणाले, वसंतात बँकॉकला पोरांची स्पर्धा आहे, त्याचं शिबिर लागणार आहे, शाळेचा दाखला घेऊन ये.

परतीच्या एस.टी.त सुपे आलं. तेव्हा सहादू म्हणाला, "बँकॉकला समुद्र हाय का रं?"

"असंल की."

"मी समुद्र पाह्यला न्हाई." थोड्या वेळानं म्हणाला, "दाखल्यावर मी इसाच्या वर हाय. तुला म्हाईत हाय ना?"

मला माहीत होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं तेव्हा मी लगेच मार्गही काढला. म्हटलं, उत्तमराव गुरुजी अजून आहेत ना? त्यांना गाठू, खरं काय ते लिहून घेऊ, तारीख बदलून आणू. सोपं तर आहे! नगरला उतरून राजूरकडं निघालो, तर मी अकोले गावापर्यंत, तिथून राजूरपर्यंत हेच बडबडत होतो. सहादू खिडकीतून बाहेर बघत होता.

गुरुजी वर्षभरात निवृत्त व्हायचे होते. आम्ही गेलो तेव्हा ते शाळेच्या ओट्यावर होते. भागिरथीबाई खाचरातून तशीच आली, पायाला चिखल, हातात विळा. मी सगळं सांगितलं. गुरुजी आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं.

"मीच चढवला तुला, मीच खाली उतरवतो," ते म्हणाले. "साहेबापुढं उभा राहून सांगतो, पट भरायचा होता म्हणून लिहिलं. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे."

"आन् मी सांगते," भागिरथीबाई म्हणाली. "वाघानं तांबडा बैल नेला त्या सरावनातला हाय त्यो. सारी वाडी सांगंल."

मला वाटलं, झालं! आता बँकॉक कुठं जातंय? मी सहादूच्या पाठीत थाप मारली. तो ओट्याच्या कडेला बसून गवताची काडी मोडत होता. मोडून झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, तसं लिवलं तर नोकरीला लागलो तवा मी सोळाचाबी नव्हतो, असं व्हईल."

भागिरथीबाईनं एकदा गुरुजींकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मंग नोकरी जाईल का?"

गुरुजींनी मान खाली घातली. कागद खोटा देऊन नोकरी घेतली, असाच अर्थ झाला असता. नोकरी गेली असती आणि वर चौकशी लागली असती.

"नोकरीला मोठा आन् खेळाला ल्हान," ती म्हणाली, "असं दोन्ही लिवता येत न्हाई का वं, गुरुजी?"

"नाही येत, भागिरथीबाई."

मी चिडलो. आजही आठवलं की चिडतो. मी ओट्यावर उभा राहून ओरडलो, "सोड ती नोकरी! शिपायाची तर नोकरी आहे, साहेबाच्या टेबलावर पाणी ठेवायची! देशाकडून खेळायचं सोडून?"

सहादूनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "तू सोडली असती?" त्यानं विचारलं. मग धाकट्या भावाला हाक मारली आणि त्याच्या अंगातला सदरा नीट केला. तो सदरा सहादूच्याच पगारातला होता.

तेव्हाच मला कळलं की हे सगळं त्याला एस.टी.तच ठाऊक होतं. मी बडबडत होतो आणि तो मला बडबडू देत होता, कारण अकोल्यापर्यंत तरी बँकॉकला जायचं त्यालाही बरं वाटत असावं.

त्यानंतर तो मैदानावर यायचा बंद झाला. सकाळी सायकलवर कचेरी, संध्याकाळी सायकलवर खोली. लहान म्हटलं तर नोकरी जाते, मोठा म्हटलं तर खेळ जातो. खोटं वय त्यानं सदऱ्यासारखं अंगात घातलं होतं आणि ते काढलं तर सगळं घर उघडं पडणार होतं. शिबिर सुरू झाल्याची बातमी मी त्याला सांगितली नाही. त्यानं ती वाचली होती आणि तोही मला बोलला नाही. एका खोलीत दोन माणसं एकमेकांपासून एकच बातमी लपवून जेवत होती. त्या हिवाळ्यात मला त्या खोलीत गुदमरायला व्हायचं. त्याला काय होत असेल?

चौऱ्याहत्तरचा एप्रिल संपता संपता टपरीवरच्या रेडिओनं सांगितलं: बँकॉकला अंतिम सामन्यात भारत आणि इराण दोन-दोन बरोबरीत, दोघं संयुक्त विजेते. इराण म्हणजे आधल्या वर्षीचा विजेता! मी नाचलो. टपरीवाल्यानं चहा फुकट पाजला. नगरमध्ये ज्यांना फुटबॉल गोल असतो एवढंच माहीत होतं तेही हात मिळवत होते.

सहादू बाकड्यावर बसून चहा पीत होता. कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, "सहाद्या, तू असतास तर ते दोन बी अडवले असते. अख्खा करंडक आपला हुता!"

सहादूनं कप खाली ठेवला. "दोन गोल झाले तरी करंडक आनला त्या गोलीनं," तो ओरडला. "एकदा गोलात उभा ऱ्हा, मंग बोल!" त्याचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

खोलीवर येऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. मला वाटलं झोपला. तेवढ्यात म्हणाला, "गेलो असतो तरी मला भाईरच बशिवलं असतं. त्यांचा गोली चांगलाच असनार." मग त्याचा आवाज फुटला. "पर भाईर बी बसलो असतो रं मी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो? तो रडत राहिला आणि मीही रडलो.

जूनमध्ये तो रजा घेऊन गावी गेला आणि मी त्याच्या मागं गेलो. आमच्या संघाला गोलकीपर नव्हता, त्याला परत मैदानावर आणायचं होतं. दोन दिवस मी विनवत होतो आणि तो रोपांसाठी भाजलेल्या राबात भाताचं बी पेरत होता. तिसऱ्या दिवशी चांगुणा, जिला त्याच वाडीत दिली होती, आपल्या लेकीला घेऊन शाळेकडं निघाली. आम्हीही बरोबर गेलो. कला नाव तिचं. चार अजून पुरी व्हायची होती, पण हातपाय मामासारखे.

उत्तमराव गुरुजींचा तो शेवटचा जून. पट पुढ्यात उघडा, टाक हातात. यंदाही नावं कमी पडत होती, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. त्यांनी कलाला जवळ बोलावलं.

"मामावर गेलीय की गं. धर बरं कान."

कलानं ऐटीत हात वर केला. केसांवरून पलीकडं नेला. पोरं हसायला लागली, चांगुणाही कौतुकानं हसली, गुरुजींनी टाक दौतीत बुडवला. बोटं कानाला लागणार तेवढ्यात दाराशी टेकलेला सहादू पुढं झेपावला आणि त्यानं तो इवलासा हात वरच्यावर पकडला. मी त्याच्यापुढं इतकी वर्षं बॅकला खेळलोय, ती झेप मी ओळखतो.

"गुरुजी, ती चारची बी न्हाई."

गुरुजींचा टाक तसाच राहिला. "एका नावावर अडलंय रे," ते हळू आवाजात म्हणाले.

"मंग माझं लिवा परत. मला दोन वरसं कमीच भेटली शाळेआधी."

गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं. मग टाक पुसून खाली ठेवला.

कलाला काहीच कळलं नव्हतं. तिला पाटी हवी होती आणि कान तर आलाच होता हाताशी. तिनं भोकाड पसरलं. सहादूनं तिला उचलून खांद्यावर घेतलं, तिचे लांब हात त्याच्या गळ्यात पडले, आणि तो शाळेबाहेर चालू लागला.

"रडू नगं," तो तिला सांगत होता. "कान कुठं पळून जातोय? पुढल्या साली धर."