धुतलेल्या बाटल्यांचा खड्डा

बूचमावशीचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. बूच काढल्याशिवाय ती बाटली पोत्यात घ्यायची नाही, म्हणून हे नाव. "बूच वेगळ्या जातीचं असतं, बाई. ते पाण्यात तरंगतं, बाटली बुडते. दोघांचा संसार एका भट्टीत होत नाही," असं दारोदार सांगायची. बरबटलेला डबा दिसला की परत उंबऱ्यावर ठेवायची, मग घर साहेबाचं असो की शिपायाचं. लोक वैतागायचे, पण धुवायचे. अकरा वर्षं चार गल्ल्या तिच्या शब्दावर बाटल्या विसळत होत्या. शब्द एवढाच, की हे कारखान्यात जातं आणि त्याचा दोर होतो.

तो शब्द तिला दिला होता भावजींनी, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. माल उचलायचा ठेका त्यांचा. मावशी पोती बांधून नाक्यावर रचायची, त्यांची गाडी घेऊन जायची. पुढचं तिने कधी पाहिलं नव्हतं. घरच्या माणसावर पाळत कोण ठेवतं?

एका सकाळी म्हातारे मास्तर तोंडावर रुमाल धरून धावत आले. दह्याच्या धुतलेल्या डब्यात त्यांची कवळी होती आणि सुनेने डबाच पोत्यात टाकला होता. गाडी नुकतीच निघालेली. मावशी दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसली आणि दोघं गाडीच्या मागे निघाले. गाडी कारखान्याच्या रस्त्याला वळलीच नाही. जुन्या खाणीच्या खड्ड्यापाशी थांबली आणि गाडीवाल्याने सगळा माल खाली ओतला.

खड्ड्यात मावशीचीच पोती होती. तिचीच दुहेरी गाठ. काही आजची, काही मातीत निम्मी गाडलेली, उन्हाने विटलेली. कवळी तिसऱ्या पोत्यात सापडली. ती मास्तरांना पोचवून मावशी तडक भावजींच्या ऑफिसात गेली.

"कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली, ताई," भावजी चहा ढवळत म्हणाले. "नवं प्लास्टिक जुन्याहून स्वस्त पडतं. आपला माल फुकट दिला तरी कुणी घेत नाही."

"मग लोकांना धुवायला कशाला लावता?"

"धुतलेल्याची गाडीत घाण येत नाही."

मावशीने विचारलं, "माझ्या बहिणीला ठाऊक आहे हे?"

"तीच म्हणाली, ताईला कळू देऊ नका. फार जीव आहे तिचा त्या कामावर."

केसाने गळा कापला, तोही सख्ख्या बहिणीने.

दुसऱ्या दिवशी मावशी पोत्याशिवाय निघाली, दारोदार सांगत. "उद्यापासून धुऊ नका. सगळं खड्ड्यात जातं. दोन वर्षं जातंय, मला काल कळलं."

मास्तरांची सून ओल्या हातानेच दारात उभी होती. "ठेका तुमच्या मेहुण्यांचा. आणि तुम्हाला काल कळलं?"

"काल कळलं."

"बरं," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

कुणी शिवी दिली असती तर मावशीने चार उलट ऐकवल्या असत्या. पण चौथ्या गल्लीच्या टोकापर्यंत सगळे नुसते "बरं" म्हणत गेले.