शेठनं पाठवलेला हलवा

दुबईचा किनारा दिसला आणि मी आगबोटीच्या कठड्यावरून अशी वाकले की डाव्या पायातली चप्पल थेट समुद्रात! खाडी उथळ, त्यामुळे बोट लांबच नांगरते आणि हेलकावणाऱ्या पडावात शिडीनं उतरावं लागतं. "यल्ला, यल्ला!" (चला, चला!) नावाडी ओरडत होता. दापोलीबाहेर मी एवढी लांब प्रथमच आले होते. भीती? छे! एका चपलेवर मी दुबईत उतरले.

धक्क्यावर माझी मावसबहीण रुकय्या उभी होती. ती ज्या शेठच्या घरी शिवणकाम करायची, त्यानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. हे गावात कळल्यापासून तिच्या आईनं, म्हणजे माझ्या खालानं (मावशीनं), घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता कोर्टात रुकय्याची जबानी होती आणि शेजारी घरचं माणूस हवं, म्हणून मी आले.

अब्र्यातून (छोट्या होडीतून) खाडी ओलांडली. घराघरावर मनोरे, वारा पकडून खोलीत सोडणारे. काय डोकं म्हणायचं! रुकय्याच्या घरी पोचते तर समोर केशरी हलव्याचं ताट, तूप नुसतं ओघळतंय. मी हात घातलाच. रुकय्यानं मनगट धरलं.

"आपा (ताई), थांब! शेठनं पाठवलाय. आपल्या घरातल्या कुणी घास खाल्ला की सुलह (तडजोड) झाली असं जमातवाले धरतात. मग दावा खलास!"

बाई गं! मी बोटं साबणानं धुतली आणि ताट तसंच परत गेलं.

सुरमई-भात जेवताना मी विचारलं, "पण पोलिसांनी त्याला सोडला ना? मग कोर्ट कसलं?"

"फौजदारी लावलीच नाही. ते सरकारच्या हातात. साक्षीदार नाही, म्हणाले. तिथं शंकेला जागा राहून चालत नाही. हा दिवाणी दावा आहे, भरपाईचा. माझा मी लावलाय. यात कुणाचं म्हणणं जास्त पटतं, ते बघतात."

"म्हणजे तो तुरुंगात नाही जाणार?"

"नाही. पण माझ्यासमोर त्याला जबाब द्यावा लागेल, आपा."

तेव्हा दुबईत आपल्या लोकांचे दावे इंग्रजांच्या कोर्टात चालायचे. शेठच्या वकिलानं विचारलं, "असं घडलं होतं, तर दुसऱ्या दिवशी परत त्याच घरी का गेलात?"

"माझं मशीन तिथं होतं," रुकय्या म्हणाली. "ते सोडून खाऊ काय?"

शेठ आधी म्हणाला, त्या दुपारी मी घरी नव्हतोच. मग म्हणाला, दार तिनंच लावलं. अरे, नव्हतास तर दिसलं कुठून? मी ओरडणारच होते, पण न्यायाधीश साहेबांनीच विचारलं. शेठ वकिलाकडे बघायला लागला!

निकाल रुकय्याच्या बाजूनं लागला. साहेब म्हणाले, या बाईंचं म्हणणं मला खरं वाटतं. रुकय्या ढसाढसा रडली, आणि मीही.

निघताना तिनं बाजारातून हलव्याचा डबा आणला. "आता खा पोटभर. हा माझा आहे."

दापोलीत एकीनं विचारलंच, शेठ तुरुंगात गेला का? नाही गेला, आणि त्याचा मला अजून राग येतो. पण माझ्या बहिणीचं ऐकून ते खरं मानणारी एक जागा मी डोळ्यांनी पाहून आले होते. खालाला मी सगळं सांगितलं. तिनं हलव्याचा एक घास घेतला, डोक्यावर ओढणी घेतली आणि डबा उचलून स्वतःच दारोदार निघाली. "घ्या," ती प्रत्येक दारात म्हणत होती, "माझ्या रुकय्यानं पाठवलाय."