कॉम्प्युटरची खंडेनवमी

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला नारळाचं पाणी पाजणारा पहिला माणूस मी. दुसरा अजून झालेला नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. पेणमध्ये मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. क्लासात कॉम्प्युटर एक, मुलं चौदा आणि चपला दाराबाहेर! माझा बराचसा अभ्यास दुसऱ्यांच्या खांद्यांवरून डोकावून झाला. पण घरात माझी कीर्ती अशी, की मिक्सर बिघडला तरी आई म्हणायची, "सुधीरला दाखवा." (मी मिक्सर उघडायचो, गंभीरपणे मान हलवायचो आणि पुन्हा बंद करायचो.)

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचे. तिथे मुंबईच्या एका बड्या कंपनीचा कॉम्प्युटर आला होता. त्याच बड्या कंपनीला गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवरून सोडवणारी मुलं हवी होती. भाऊजींनी शब्द टाकला आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी.

त्याआधी खंडेनवमी आली. कंपनीत सगळ्या यंत्रांची पूजा. भाऊजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"पंपांची पूजा आमी करतो. या नव्या पाव्हण्याची रीत आमाला माहीत नाय. तू शिकलेला हायस, तूच कर."

सगळा स्टाफ हात जोडून उभा! आता माघार कशी घ्यायची? मी हळदकुंकू वाहिलं. झेंडूचं फूल कुठेच टिकेना, म्हणून त्याचा देठ फ्लॉपीच्या फटीत खोचला. (फार शोभून दिसत होतं.) अक्षता टाकल्या, त्या मागच्या जाळीतून थेट आत गेल्या. मग टेबलाच्या कडेवर नारळ फोडला, तर अर्धं पाणी कीबोर्डच प्यायला!

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कुणीतरी म्हणालं, "चालू करून दाखवा की!" मी बटण दाबलं. आतून खडखड, मग टीं टीं टीं, आणि पडदा काळा ठिक्कर.

"काय झाला रे?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही," मी घाईघाईने बटण बंद करत म्हणालो. "पूजेच्या दिवशी अवजार चालवायचं नसतं. दसरा झाल्यावरच चालू करा."

"व्हय, ते बी खराच!"

माझ्या धर्मज्ञानाचं कौतुक करायला भाऊजी ताईकडे फोन लावत होते, तेवढ्यात मी जेवणाचंही न बघता मिळेल त्या एस.टी.ने पेण गाठलं.

मुलाखतीला समोर तिघं. मधल्या बाईंनी एक चिठ्ठी काढली. "तुम्ही पेणचे ना? ही तक्रार तुमच्याच भागातली आहे. फोन लावते. तुम्ही बोला, आम्ही ऐकतो."

चिठ्ठीवर 'रोहा' लिहिलं होतं. स्पीकरवर भाऊजीच!

"आमचा कॉम्प्युटर बंद हाय वो! सहा आठवडे खपून मालाच्या याद्या चढवल्यात. मोठे सायेब म्हणतात, आज चालू नाय झाला तर तुमाला गेटवर बसवतो."

मी घसा बसल्यासारखा जाडा आवाज काढला. "बंद पडण्याआधी काय केलं होतं?"

भाऊजींनी आवाज खाली आणला.

"पूजा केली. मीच केली. नारळ बी मीच फोडला. आणि सायेब, आमचा मेव्हणा तुमच्याकडे मुलाखतीला येणार हाय. त्याला यातला कायबी माहीत नाय. माझा राग त्याच्यावर नका काढू."

धरणी दुभंगावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. खरं बोलायला हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आधी वायर काढा. मग फ्लॉपीच्या फटीत झेंडूचा देठ असेल, तो हळूच ओढा."

"आं? तुमाला कसा कळला?"

"आता मागचे स्क्रू काढा. पंख्यात तांदूळ अडकले असतील."

"हायत! कुंकू लावलेले हायत!"

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी कीबोर्ड उलटा करून झटकायला लावला, फडक्याने पुसायला लावला, तासभर उन्हात ठेवायला लावला. (तेवढ्यात आम्हाला दोनदा चहा आला.) मग फोनमधून आरोळी आली, "चालू झाला! याद्या हायत!"

तिघांनी टाळ्या वाजवल्या. "न बघता एवढं अचूक? कसं काय जमलं?" बाईंनी विचारलं.

"अंदाज," मी म्हणालो. नोकरी मिळाली.

भाऊजींची खुर्ची वाचली, पण खरं काय ते आजतागायत त्यांना सांगायची माझी हिंमत झालेली नाही. ते मात्र चारचौघांत मला ऐकवतात, "तुमच्या हापिसात एक माणूस होता बग. मुंबईत बसून रोह्याचे तांदूळ दिसले त्याला! तू त्याच्या हाताखाली चार दिवस काढले असतेस, तर कायतरी शिकला असतास. भेटतो का रे कधी?"

भेटतो ना! रोज सकाळी, दाढी करताना. पण अजून नजरेला नजर देत नाही!