मनकर्णा मॅडम आणि वायगोळा

मनकर्णा मॅडमच्या वर्गात एक शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. 'अचानक'. कुणी चुकून म्हणालं, "मॅडम, पेशंट अचानक कोसळला," की तिचं भरलंच. "तू वर्गात अचानक उगवलीस का गं? घरून निघालीस, बस धरलीस, चालत आलीस. रोगही तसाच चालत येतो. तुला दिसला नाही, एवढंच म्हण." मग ती मुलगी मान खाली घालून फळ्याशी जायची आणि कोसळण्याच्या आधी काय, त्याच्या आधी काय, असे उलटे बाण काढत बसायची.

जालना रोडवरच्या त्या नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.ला आम्ही सतरा जणी होतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पॅथोफिजिओलॉजी मॅडमकडं, म्हणजे शरीरात बिघाड कुठं सुरू होतो आणि पायरी पायरीनं माणसाला कुठं नेऊन सोडतो, ते. बाकीचे विषय आम्ही घोकंपट्टीवर काढले; हा निघत नसे. मॅडम बुटक्या, सावळ्या, कायम सुती साडीत, आणि आवाज असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. करमाडच्या पुढच्या एका वाडीत मेंढरं राखणारं घर त्यांचं, आणि त्या घरातलं शिकलेलं हे पहिलं माणूस. "मी मेंढरांत वाढले, तुम्हाला हाकायला मला काय जड?" असं त्या तोंडावर म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो.

फक्त एक धडा त्या भलत्याच तऱ्हेनं शिकवत. हायडॅटिडचा. मेंढरातून कुत्र्याच्या पोटात, कुत्र्याकडून माणसाच्या पोटात जाणारा किडा. माणसाच्या यकृतात तो पाण्याची पिशवी धरतो. पिशवी वर्षाला बोटाचं पेरभरही वाढत नाही, पण थांबतही नाही. माणूस जेवतो, हसतो, लग्न करतो, आणि ती आत वाढत राहते. "मेंढरू कापलं आणि काळजावर पाण्याचे फोड दिसले, तर आमची माणसं ते खात नाहीत. कुत्र्यापुढं टाकतात. आमच्यात त्याला स्वच्छता म्हणतात," एवढं एक पुस्तकाबाहेरचं त्या सांगत, तेही आमच्याकडं पाठ करून. वीस मिनिटांत धडा गुंडाळायच्या. मी एकदा हात वर केला, तर "पुस्तकात आहे, वाच" म्हणाल्या. मी बिडकीनची, जिभेला हाड नसलेली. बाहेर येऊन मैत्रिणींना म्हणाले, बाईंना हा धडा येत नाही. केवढं ते माझं शहाणपण!

एका शनिवारी दुपारी मी केस स्टडी दाखवायला त्यांच्याकडं गेले होते आणि नेहमीप्रमाणे बोलणी खात होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"मने, राजीला वायगोळा धरलाय. तीन दिस झालं चोळतीया, उतरंना. आज तेल तापाया ठिवलंय. आज जरा जोर लावते."

ही त्यांची माय, बानाबाई. पोट चोळून वायगोळा, म्हणजे पोटात धरलेला वायूचा गोळा, उतरवण्यात तिचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. लोक मेंढवाड्यावरून, शेतावरून पोट धरून यायचे आणि पाया पडून जायचे. राजी म्हणजे राजाबाई, मॅडमच्या मेलेल्या भावाची, कारभारीची लेक. अठरा वर्षांची.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "माय, हात लावू नको. मी आत्ता येते. ऐकलंस का, हात..."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" बानाबाई हसल्या आणि फोन बंद झाला. मॅडमनी परत लावला, परत लावला. कुणी उचलेना.

"तुझी स्कूटी आहे ना? काढ," त्या म्हणाल्या. पर्स खुर्चीवरच सोडून त्या दाराकडं निघाल्यासुद्धा. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

चिकलठाण्याचं विमानतळ मागं पडलं तशा त्या माझ्या कानाशी बोलायला लागल्या. कारभारी गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, राजी तान्ही. उजव्या बरगडीखाली असाच गोळा. बानाबाईंनी चार दिवस चोळला आणि पाचव्या दिवशी मूठ करून दाबला. "मोकळं वाटलं, माय," असं म्हणून कारभारी उठून बसला. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. अर्ध्या तासात संपला. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं.

"पिशवी फुटली होती," मी म्हणाले. आतलं पाणी एकदा पोटात सांडलं की शरीर त्याच्यावर असं चवताळून उठतं, की त्यात स्वतःचाच गळा आवळून घेतं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे.

"जोरात चालव," मॅडम म्हणाल्या.

वाडीत पोचलो तेव्हा राजी अंगणात घोंगडीवर उताणी निजली होती. शेजारी वाटीत तेल. बानाबाई गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, तिच्या पोटावरून तळवा फिरवत होत्या. सुरुवात होती, हात अजून हलका होता.

"माय, हात काढ!"

"आली का मास्तरीण!" बानाबाईंनी डोळे उघडले. "आगं, मी काय आजची हाय व्हय? तुला बी मीच चोळलंय."

मॅडमनी आधी खोटं सांगितलं. डॉक्टर ओरडतील, सोनोग्राफी करायचीय, चोळलं की फोटो बिघडतो. बानाबाई ऐकून घेत होत्या आणि तळवा फिरतच होता. "फोटो काढून गोळा उतरतो व्हय?" असं म्हणून त्यांनी मूठ वळली. राजी दात खाऊन पडली होती. मी पुढं झाले आणि त्या म्हातारीचं मनगटच धरणार होते.

"कारभारीला वायगोळा नव्हता, माय," मॅडम म्हणाल्या.

मूठ तशीच थांबली.

मग मॅडमनी सांगितलं. वर्गात कधी सांगितलं नाही इतकं नीट, एकेक पायरी, मायकडं तोंड करून. मेंढराचं काळीज, दारातलं कुत्रं, त्याला कुरवाळलेले हात, पाण्याची पिशवी. आणि शेवटची पायरी. तीही त्यांनी गाळली नाही. बानाबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाल्या, "घिऊन जा पोरीला."

राजी वाचली, हे इथंच सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी शहरात ऑपरेशन झालं, नारळाएवढी पिशवी फुटू न देता काढली. आज मीही हाच विषय शिकवते, मॅडमसारखेच बाण काढते, त्यांच्यासारखीच चिडते. त्यांच्याइतकी मोठी शिक्षिका मी पाहिलेली नाही, आणि त्यांचा राग मला अजून येतो. कारण राजीला शेजारच्या जीपमध्ये बसवून मी मॅडमना बोलवायला अंगणात परत आले आणि पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"मने, ह्ये तुला कवा कळलं?" बानाबाई विचारत होत्या.

कालच, असं मॅडमना म्हणता आलं असतं. म्हणा, असं मला मनातून फार वाटत होतं.

"अकरा वर्सं झाली, माय. शिकवाया लागले तवा."

"आन् मला नाय सांगितलं."

"तुला सोसलं नसतं. दवाखान्यात धाडत जा, असं म्हणत हुते की मी. दर खेपंला म्हणत हुते."

बानाबाईंनी घोंगडीवर तळवा टेकला.

"मागल्या पोळ्याला वाडीतल्याच आवडाबाईची सून इथंच निजवली व्हती म्या. लई बरं वाटलं म्हनली. उठली, घराकडं निघाली आन् वाटंतच पडली. मयताला तू आलती. माझ्या गळ्यात पडून रडली बी."

मॅडमनी तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"मला ठावं नव्हतं, मने," बानाबाई म्हणाल्या. "तुला व्हतं."