सरांनी लपवलेलं गाव

विभागात सरांना सगळे ‘कादंबरीकार’ म्हणत; त्यांनी मात्र आयुष्यात एकही कादंबरी लिहिली नव्हती. ते राज्यशास्त्र शिकवत आणि सहयोगी प्राध्यापक या पदावरूनच निवृत्त झाले. टोपणनावाची चौकशी केली तेव्हा प्रत्येकाने वेगळी हकीकत सांगितली. पडताळता आली तेवढीच येथे मांडतो.

तरुणपणी सरांनी एका लहान नगरपालिकेचा अभ्यास केला. नगराध्यक्ष सभागृहात निवडला जात नाही, सभेच्या आधी कोणाच्या तरी मागच्या खोलीत ठरतो, हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी न्हाव्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन ते तिथे राहिले. पाणीपट्टीच्या टेबलावरचा एक कारकून त्यांना भेटला. दिवसा तो पावत्या फाडी आणि संध्याकाळी नगरसेवकांच्या दोन्ही गटांचे निरोप इकडून तिकडे नेई. कोणता नगरसेवक कशावर फुटला, हे त्याने सरांना सगळे सांगितले, एका अटीवर. “साहेब, माझं नाव आलं की माझी नोकरी गेली.”

सरांनी शब्द दिला, आणि तो पाळताना जरा जास्तच पाळला. पुस्तकात नदीचे तळे झाले, कापडगिरणीचा काचकारखाना झाला, कारकुनाचा ‘मध्यस्थ’ झाला. गावाचा माग कुठूनही लागू नये म्हणून त्यांनी प्रभागांची संख्यादेखील बदलली, लोकसंख्या मात्र खरीच ठेवली.

पुस्तक गाजले, अभ्यासक्रमात लागले. पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने नेमके तेच पान उघडले. एवढ्या वस्तीला कायद्याने इतके प्रभाग मिळतच नाहीत, मग हे गाव आहे तरी कुठे, असे त्याने विचारले. सरांनी सांगायला नकार दिला. निदान अध्यक्षांच्या कानात सांगा, अशी सवलत मिळाली. तीही त्यांनी नाकारली. तज्ज्ञाने पुस्तक मिटले. “मग कादंबरी म्हणून उत्तम जमलंय.”

खोलीत हशा पिकला. पद गेले ते सरांच्याच विद्यार्थ्याला, ज्याच्या प्रबंधातले वाक्यन्‌वाक्य सरांनी सरळ केले होते. विभागप्रमुख झाल्यावर त्याने ते पुस्तक अभ्यासक्रमातून काढले. आपल्याला सरांबद्दल नितांत आदर आहे, पण प्रश्न पुराव्याचा आहे, असे तो मलाही म्हणाला. आदर म्हणताना त्याने छातीवर हात ठेवला होता.

नाव सांगू का, हे एकदा जाऊन त्या कारकुनालाच विचारा, म्हणून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मुलाखतीनंतर त्यांच्या मागे लागल्या होत्या. दिलेला शब्द सोडवून घ्यायला जायचे नसते, हे सरांचे उत्तर. संशोधनपद्धती शिकवताना प्रत्येक वर्गाला ते हेच सांगत. शेवटच्या बाकांवरून कोणीतरी “कादंबरी” असे खोकल्यात मिसळून म्हणे. घरी मेहुणे येत, तेही बूट काढता काढता विचारत, “मग दाजी, नवीन प्रकरण कुठवर आलं?” सर हसत. हसले नाहीत तर मेहुण्यांना वाईट वाटले असते.

पुस्तक रचलेले आहे असे माझेही मत होते. तेच सिद्ध करायला मी जुनी वर्तमानपत्रे चाळायला घेतली. सरांनी सगळे बदलले होते, घटनांचा क्रम बदलला नव्हता. पाडलेल्या नगराध्यक्षाला पाडणाऱ्यांनीच पुन्हा खुर्चीवर बसवल्याची, थेट पुस्तकातल्यासारखी बातमी सापडली आणि मी त्या गावी गेलो.

नदी होती. गिरणी बंद पडलेली, पण होती. नगरपालिकेचे जुने राजकारण कोणाला ठाऊक, असे विचारता लोकांनी मला कारकुनाकडे पाठवले; तो जावयाच्या शिंपीकामाच्या दुकानाबाहेर बाकावर बसलेला असे. मी सरांचे नाव न घेता, आडून आडून विषय काढला. त्याने माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही.

“जावईबापू, ते आपलं पुस्तक आणा हो बाहेर.”

पुस्तकाची पाने हाताळून मऊ झाली होती. ‘मध्यस्थ’ जिथे जिथे येतो, तिथे पेन्सिलीची रेघ. पुस्तक निघाले त्या वर्षापासून तो गावभर सांगत होता की हा मीच. नोकरीचे काय झाले, असे मी विचारले. काय व्हायचंय, दोन्ही गट टरकून होते, बढती मिळाली, असे तो म्हणाला. त्याची तक्रार वेगळीच होती.

“सगळं माझ्या तोंडून ऐकलं, आणि नाव टाकायची लाज वाटली का हो तुमच्या सरांना? एकदा यायचं तरी. मी वाट पाहिली.”

परत आल्यावर मी हे सरांना त्यांच्या बैठकीच्या खोलीत सांगितले. ते चष्म्याची काच बराच वेळ पुसत राहिले.

“म्हणजे नोकरी गेली नाही.”

“नाही सर. उलट बढती मिळाली.”

नवी आवृत्ती काढता येईल, त्याचे खरे नाव घालता येईल, प्रभागांचा खुलासाही देता येईल, तो सही द्यायला तयार आहे, असे मी भराभर बोलून गेलो. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आता कशाला? पुस्तक खरं होतं, एवढंच ना सिद्ध होणार? बाहेरच्यांचं सोड, घरात ते आम्हाला माहीतच होतं.”

काकू ट्रे घेऊन आत आल्या होत्या.

“मला नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि टेबलावरचे कप गोळा करू लागल्या. सरांचा चहा अजून अर्धा उरला होता.