दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

गिअरकाकांइतका घाबरट माणूस मी पाहिला नाही. विजेला भीत, डॉक्टरला भीत, फोन वाजला तरी दचकत. आणि भ्यायले की समोर दिसेल तो आकडा भाग देऊन फोडत बसत. बसचा नंबर, सिलिंडरवरचा नंबर, काहीही चाले. "दोननं जात नाय, तीननं जात नाय," असं पुटपुटत त्यांचा जीव हळूहळू थाऱ्यावर येई.

सातपूरच्या ज्या कारखान्यात आमचे हे पत्रा दाबायच्या प्रेसवर होते, तिथेच काका गिअरचे दात कापत. मूळचे देवळ्याचे. दातांची संख्या फोडल्याशिवाय चाकाचे सारखे भाग पाडता येत नाहीत, म्हणून हे वेड त्यांना कामातूनच लागलेलं. हजारापर्यंतच्या मूळ संख्या तोंडपाठ. "ज्याला कशानंच भाग जात नाय, त्यो आकडा लय छळतो वहिनी," म्हणत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका दुपारी ह्यांचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. हात राहतो की जातो, ते ऑपरेशननंतरच कळणार होतं. काका तेलकट कपड्यांनिशी हॉस्पिटलात धावत आले, माझ्याहून पांढरेफटक पडलेले. माझ्या हातातला केसपेपर बघून म्हणाले, "वहिनी, ह्यो नंबर फुटतो का बघा. मला लय भ्या वाटतंय."

१०२२११७. असा संताप आला मला! नवरा आत, आणि ह्या माणसाला गणितं सुचतात. पण नुसतं बसवतही नव्हतं. पेपर पालथा केला आणि लागले भागायला. सातानं भागलं, बाकी पाच. तेरानं, पुन्हा पाच. आतलं दार जरा वाजलं की माझ्या हातातलं पेन गळून पडे. काका ते उचलून देत आणि म्हणत, "सतरा राहिलं." एकतिसानं चक्क पूर्ण भाग गेला तेव्हा मी ओरडलेच.

"हातचा राहिला तुमचा," काका म्हणाले. "परत करा."

मी रडत रडत परत केलं.

पाचशेच्या पुढे गेलो तेव्हा डॉक्टर बाहेर आले. दोन बोटं गेली होती, हात वाचला होता. काका भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. आकडा तसाच राहिला.

निवृत्त होऊन देवळ्याला जायच्या आधी ते निरोप घ्यायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, त्यो आकडा मला तवाच फुटला होता. एक हजार अकराचा वर्ग केला, तर आपल्या आकड्याहून चारच जास्त. चार म्हंजे दोनाचा वर्ग. मग हजार अकराच्या दोन अलीकडं, दोन पलीकडं. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा."

"मग मला सगळे भागाकार का करायला लावलेत?"

"लगीच सांगितलं असतं, तर दाराकडं बघत बसावं लागलं असतं. तुम्हाला बी आन् मला बी."

दोन हजारनंतर केव्हातरी त्यांच्या मुलीचा फोन आला. "काकू, बाबांना ऑपरेशनला आत नेलंय. मी एकटीच हाय इथं. लय भीती वाटतेय."

मी म्हटलं, "केसपेपरवरचा नंबर वाच."

तिनं आकडा वाचला. बापाची लेक, तिला कळलं. फोनवरच सुरू केलं आम्ही. मी मूळ संख्या सांगायची, तिनं भागून बाकी सांगायची.

सत्त्याण्णवपर्यंत आलो होतो. पलीकडे दार वाजलं. तिनं बाकी सांगितलीच नाही.