यॉर्कला मागे राहिलेले कुंभोजकर काका

"सबनीस साहेब, मी कुंभोजकर बोलतोय. गाडी कुठं लावलीय?"

फोन आला तेव्हा आमची बस यॉर्कहून निघून सव्वा तास झाला होता. लीड्स मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना उघड्या टेकड्या सुरू झाल्या होत्या. मी वळून पाहिलं. पहिल्या ओळीतली खिडकीची सीट रिकामी होती. तिच्यावर घडी केलेलं जाकीट होतं. शेजारच्या सीटवर माझी बॅग होती.

ही गोष्ट २०१७ च्या जुलैतली. मी तेव्हा डब्लिनमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत टूर मॅनेजर होतो. टूर मॅनेजर म्हणजे ग्रुपबरोबर शेवटपर्यंत राहणारा माणूस. हॉटेल, जेवण, बस, हरवलेले चष्मे, दुखणारे गुडघे, सगळं त्याच्याकडे.

आमच्या एजन्सीत एक खास टूर होती. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण आम्ही तिला 'आई-बाबा टूर' म्हणायचो. आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मुलांचे आईवडील उन्हाळ्यात तीन महिने येतात. मुलं आणि सुना सकाळी कामावर जातात. आईबाबा घरात बसून कंटाळतात. त्यांच्या आयर्लंडच्या व्हिसावर ठरावीक शिक्का असेल तर त्यांना इंग्लंडलाही जाता येतं. म्हणून तीन दिवस, तीन शहरं. बोटीनं समुद्र ओलांडायचा, पहिल्या दिवशी लिव्हरपूलचा धक्का आणि जुनी गोदामं बघायची, दुसऱ्या दिवशी यॉर्क करून मुक्कामाला चेस्टर, तिसऱ्या दिवशी चेस्टरची रोमन तटबंदी आणि संध्याकाळच्या बोटीनं परत.

वाचकांना वाटेल, यॉर्कला फक्त तीन तास? हो, तीनच. यॉर्कला बघायला पुष्कळ आहे. शहराभोवतीच्या तटावरून तास दीड तास चालता येतं. मिन्स्टर नावाचं प्रचंड कॅथेड्रल आहे. शॅम्बल्स नावाची गल्ली आहे, तिथली लाकडी घरं इतकी पुढे झुकलेली की समोरासमोरच्या खिडक्यांतून साखर उसनी देता यावी. आणि रेल्वेचं भलंमोठं म्युझियम आहे. पण आमच्या धंद्यात 'व्हिजिट' आणि 'आउटसाइड व्ह्यू' हे दोन शब्द आहेत. व्हिजिट म्हणजे आत जाऊन बघणं. आउटसाइड व्ह्यू म्हणजे बाहेर उभं राहून फोटो काढणं. तीन तासांत मी मिन्स्टरला आउटसाइड व्ह्यू दिला होता. कार्यक्रमपत्रिकेत म्युझियमपुढे 'वेळ असल्यास' असं लिहिलं होतं. वेळ कधीच नसायचा.

दत्तात्रय कुंभोजकर मिरजेकडचे. वय एकाहत्तर. छत्तीस वर्षं स्टेशन मास्तर. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा अमेय एका कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनियर, घर डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. काका रोज सकाळी त्या स्टेशनवर जाऊन डब्लिनला जाणाऱ्या गाड्या बघायचे. बोटीवरच त्यांनी मला सांगितलं होतं, "मला बाकी काय नको साहेब. यॉर्कचं रेल्वे म्युझियम तेवढं बघायचंय."

"वेळ असल्यास, काका."

"वेळ काढणं हेच माझं काम हो आयुष्यभर. मी काढतो."

यॉर्कला बस पोचली. मी माइकवर सांगितलं, "बरोबर साडेचारला इथेच." पुढच्या सीटवर असल्यामुळे काका पहिले उतरले आणि भराभर निघाले. बाकीचे उतरायची तयारी करत असतानाच आमचा ड्रायव्हर पॅट म्हणाला की मोटरवेवर काम चालू आहे, दीड तास जास्त धरा. पॅट डब्लिनजवळच्या नास गावचा, शांत माणूस. तो म्हणाला, "साडेचारला निघालो तर आठला पोचू. ग्रँड. काही बिघडत नाही."

पण माझं बिघडत होतं. चेस्टरच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये आमचं जेवण साडेसातला होतं. त्यानंतर त्यांच्याकडे दुसरा ग्रुप होता. आपल्या लोकांना वरणभात मिळाला नाही तर मिन्स्टर, तट, समुद्र, सगळं फुकट जातं. हे मी अनुभवानं सांगतो. मी माइक घेतला आणि म्हणालो, "मंडळी, साडेचार नाही, चार. चार म्हणजे चार!"

हे मी म्हणालो तेव्हा खिडकीतून मला काकांची तपकिरी टोपी दिसत होती. ते दगडी वेशीतून आत शिरत होते. मला ते स्पष्ट दिसलं. मनात म्हटलं, आत भेटतील तेव्हा सांगू. आत गेल्यावर ग्रुपमधल्या जोगळेकर बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला. मी दुकान शोधत बसलो. सांगायचं राहिलं.

चार वाजता मी आणखी एक चूक केली. नियम असा की टूर मॅनेजरनं प्रत्येक ओळीत जाऊन माणसं बोटानं मोजायची. मी तसं करत नव्हतो. मी ओरडायचो, "आपापला शेजारी आलाय का?" आणि ग्रुप ओरडायचा, "आलाय!" त्यात मजा होती, लोकांना आवडायचं. त्या दिवशीही सगळे ओरडले. काकांचा शेजारी मी होतो. आणि मी पॅटच्या बाजूच्या घडीच्या सीटवर बसून फोनवर दुसरा रस्ता शोधत होतो.

फोनवर काकांना म्हणालो, "तुम्ही कुठे आहात?"

"यॉर्क स्टेशनात. गाडीच्या जागी वीस मिनिटं थांबलो. मग म्हटलं, स्टेशनात जाऊ, तिथली माणसं आपलीच. हितल्या बाईंनी त्यांचा फोन दिलाय. चहा पण दिला. तुमचा नंबर गळ्यातल्या कार्डावर होता."

मी पॅटकडे पाहिलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. ड्रायव्हरनं दिवसात किती तास चालवायचं हे कायद्यानं ठरलेलं असतं आणि बसमधलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. मागे वळलो असतो तर त्याचे तास संपून आम्ही सगळेच वाटेत अडकलो असतो.

काकांनीच प्रश्न सोडवला. "परत येऊ नका. मी बाईंना विचारलंय. मँचेस्टरला बदलायची, की चेस्टर. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा मी पोचतो."

नंतर मी दोन फोन केले. पहिला माझ्या बॉसला, डेक्लनला.

"एक जण मागे राहिला," मी म्हणालो.

"कसा काय?"

या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं. मी म्हणालो, "वयस्कर आहेत. वेळेचा गोंधळ झाला त्यांचा."

"बिचारा," डेक्लन म्हणाला. "रिपोर्ट लिही. घरच्यांना कळव."

दुसरा फोन अमेयला. त्यालाही तेच सांगितलं. "बाबा जरा गोंधळले. काळजी करू नकोस."

आठच्या सुमारास मी चेस्टर स्टेशनवर गेलो. बाहेर लख्ख उजेड होता. काका गाडीतून उतरले ते एखाद्या लग्नातून आल्यासारखे. यॉर्क स्टेशनचं छप्पर कसं वळत गेलंय, त्या बाईंनी त्यांना प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत कसं नेलं, म्युझियममध्ये वाफेचं इंजिन खालून बघायला मिळतं, सगळं सांगत होते. मग थांबून म्हणाले, "साहेब, तुम्ही साडेचार म्हणाला होता ना?"

मी म्हणालो, "चार म्हणालो होतो, काका."

रेस्टॉरंटमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं, सगळ्यांना. जोगळेकर बाई म्हणाल्या, "अहो काका, चार म्हणजे चार! आम्ही सगळ्यांनी ऐकलं." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी ऐकलंच होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "स्टेशन मास्तरांचीच गाडी सुटली!" सगळे हसले. मीही हसलो.

काका हसले नाहीत. "असेल," म्हणाले. "मला साडेचारच आठवतंय. पण असेल."

दुसऱ्या दिवशी चेस्टरच्या दुमजली बाजारात, काळ्यापांढऱ्या लाकडी सज्ज्यांखाली, ते माझ्या मागे मागे चालत होते. दर दहा मिनिटांनी कोणाला तरी विचारत होते, "किती वाजता निघायचंय?" हातात घड्याळ होतं, तरी.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'प्रवाशाला निघण्याच्या वेळेबद्दल संभ्रम झाला.' एका ओळीचं वाक्य. डेक्लननं त्याची प्रत रीतीप्रमाणे घरच्यांना पाठवली.

ऑगस्टच्या मध्यावर अमेयचा फोन आला.

"सबनीस काका, तुम्ही सीनियर लोकांबरोबर इतकी वर्षं काम केलंय. बाबांच्यात अजून काही जाणवलं होतं का? म्हणजे विसरणं, तेच तेच विचारणं? पुढच्या आठवड्यात त्यांची मेमरी टेस्ट आहे. डॉक्टरांना तुमचा रिपोर्ट दाखवणार आहे."

मी विचारलं, "आता कसे आहेत?"

"गप्प असतात. स्टेशनवर जाणं मी बंद केलंय. एकटे नको ना. खिशात पत्त्याचं कार्ड ठेवतो. परत गेल्यावर मिरजेत एकटं ठेवायचं की नाही, तेही ठरवावं लागेल. घर विकून ताईकडे राहा म्हणतोय मी. आधी भांडले असते. आता म्हणतात, तू म्हणशील तसं."

मी फोन ठेवला. माझी एक ओळ मिरजेपर्यंत पोचली होती.

शनिवारी मी ॲडम्सटाउनला गेलो. अमेयनं दार उघडलं. "या काका, चहा टाकतो."

"नको. आधी दोघं बसा."

कुंभोजकर काका जेवणाच्या टेबलापाशी होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अमेयचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे महिनाभर मी माझ्या बापाच्या खिशात पत्ता घालतोय, तुमचं वाक्य वाचून? आणि तुम्ही इकडे दुसऱ्या टूर करत होतात?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून उशीर झाला." हे उत्तर चांगलं नव्हतं, पण खरं होतं.

काकांनी हात वर करून मुलाला थांबवलं. आवाज एकदम वेगळा होता, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा. "वेळ बदलली कधी?"

"तुम्ही उतरल्यावर. पाचेक मिनिटांत."

"मी तेव्हा कुठं होतो?"

"वेशीतून आत जात होतात. मला तुमची टोपी दिसत होती."

"दिसत होती?"

"दिसत होती."

ते खुर्चीत मागे टेकले. "मग डोकं ठीकाय माझं," म्हणाले. डोळे पुसले, आणि मग मात्र माझ्यावर चांगलेच भडकले. मिरजेकडच्या शिव्या मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "तोंडी चालणार नाही. तोंडी हुकमावर मी कधी गाडी सोडली नाही. रिपोर्ट बदलून आणा. एजन्सीच्या कागदावर."

सोमवारी मी डेक्लनपुढे नवा रिपोर्ट ठेवला. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"युअर मॅन गोंधळलाच नव्हता?" आयरिश लोक 'तो बुवा' अशा अर्थानं युअर मॅन म्हणतात.

"नाही."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

तो चिडला नाही. ते जास्त लागलं. सीझन संपेपर्यंत त्यानं मला बसवर पाठवलं नाही. ऑफिसात बुकिंगला बसवलं. पत्रावर स्वतः सही केली आणि म्हणाला, "हे पोस्टानं नको. तूच नेऊन दे."

मेमरी टेस्ट अमेयनं रद्द केली. मिरजेच्या घराचा विषयही बंद झाला. सप्टेंबरात, परत जायच्या आधी, काका एकटे यॉर्कला गेले. बोटीनं आणि पुढे ट्रेननं, दोन रात्री राहून. अमेय त्यांना बंदरावर सोडायला गेला आणि, त्यानंच नंतर मला सांगितलं, गाडीत बसून अर्धा तास उगाच थांबला. काकांनी फोन केला तो थेट तटावरून. "पूर्ण फेरी मारली. मिन्स्टर आतनं बघितलं. उद्या दिवसभर म्युझियम."

परत आल्यावर त्यांनी एजन्सीला दोन पानी पत्र लिहिलं: यॉर्क तीन तासांत का होत नाही, आणि कसं करावं. सकाळी तट, कारण दुपारी गर्दी. शॅम्बल्स दुकानं उघडायच्या आधी. म्युझियमला किमान तीन तास, गुडघे दुखणाऱ्यांसाठी आत बसायला बाकं आहेत. डेक्लननं ते माझ्याकडून भाषांतर करून घेतलं. २०१८ च्या टूरमध्ये यॉर्कला पूर्ण दिवस आणि मुक्काम आला. लिव्हरपूलचा वेळ कमी झाला. कोणी तक्रार केली नाही. त्या टूरवर डेक्लननं मला परत पाठवलं. मी माणसं बोटानं मोजली, दर वेळी.

आता मी निवृत्त आहे, नासला मुलीच्या घराजवळ राहतो. हे सगळं मिटलं असं मी समजत होतो. पण त्या बसमधल्या बाकीच्या सत्तावीस जणांना मी कधीच काही सांगितलं नाही. त्यांची मुलं इथेच आहेत. परवा आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या एका तरुण मुलानं मला हसत हसत ती गोष्ट सांगितली: "माझी आई एका टूरला गेली होती ना, त्यात एक स्टेशन मास्तर विसरभोळे होते..."

मी त्याला तिथेच थांबवलं आणि खरं काय ते सांगितलं. बाकीच्या घरांसाठी हे लिहिलं आहे. कुंभोजकर काका हरवले नव्हते. ते दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी दिलेल्या जागी उभे होते. बस नव्हती, कारण मी ती नेली होती.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगण्यासारखं फार नाही. वेळ बदललीत तर प्रत्येकाला गाठून सांगा. माणसं स्वतः मोजा. आणि रिपोर्ट त्याच दिवशी खरा लिहा. नंतर दुरुस्त करायला घरोघर जावं लागतं.